ही भिंत कोणी बांधली?

तापीकाठ
नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मावसभावाने एक व्हिडिओ टाकला. साक्री तालुक्यात माझ्या मामाच्या गावाशेजारी एक लांबच लांब दगडी भिंत आहे, तिचा. ड्रोनने काढलेली दृश्यं, भारावून टाकणारं संगीत आणि निवेदक सांगतोय: पाच हजार वर्षांपूर्वीची तटबंदी, चुना नाही, सिमेंट नाही, तरी एकावर एक अचूक बसवलेले दगड, आणि सरकारला हे लपवून ठेवायचं आहे. दोन दिवसांत तोच व्हिडिओ मला आणखी चौघांकडून आला.

त्या भिंतीवर मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत शेळ्या राखणाऱ्या पोरांबरोबर चढलोय. पुढे भूशास्त्र शिकलो आणि नोकरीची बरीच वर्षं भूजलाच्या कामात गेली. विहिरींची पाणीपातळी मोजत याच भागात गावोगाव हिंडलो. त्यामुळे राहवलं नाही, म्हणून हा धागा.

ती भिंत कोणी बांधलेली नाही. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात, मराठी पुस्तकांत भित्ती. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहत होता, त्या काळात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. खालून वर येणारा तप्त शिलारस त्या भेगांमध्ये शिरला आणि काही ठिकाणी तिथेच थिजला. पुढे लाखो पावसाळ्यांनी आजूबाजूचा ठिसूळ खडक झिजवून नेला. भेगेत थिजलेला दगड कठीण, तो मागे राहिला. उभा, सरळ, थेट भिंतीसारखा. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा २१० डाइक नकाशावर नोंदल्या गेल्या आहेत. रुंदी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत, आणि सगळ्यांत लांब डाइक ७९ किलोमीटरची. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम जातात, कारण त्या वेळी जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती.

आता, दगड रचल्यासारखे का दिसतात? शिलारस थिजताना आकसतो आणि आकसताना तडकतो. या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून काटकोनात आत शिरतात. सपाट पसरलेला लाव्हा वरून आणि खालून थंड होतो, म्हणून त्यात उभे खांब तयार होतात. डाइक थंड होते ती दोन्ही अंगांनी, म्हणून तिच्यात खांब आडवे पडतात. बाहेरून आपल्याला दिसतात ती या आडव्या खांबांची टोकं, पाचकोनी, सहाकोनी. लाकडाच्या वखारीत ओंडके रचून ठेवले की समोरून त्यांची टोकं दिसतात ना, तसं. निवेदक ज्याला 'इंटरलॉकिंग तंत्रज्ञान' म्हणतो ते हे.

मामाला यातलं काही माहीत नव्हतं, पण भिंत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळली होती. त्याची विहीर भिंतीच्या वरच्या अंगाला. तिला एप्रिलपर्यंत पाणी असायचं. भिंतीपलीकडच्या शेतातली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायची. जमिनीखालचं पाणी उताराने येतं आणि या अभेद्य दगडाशी अडतं. मामा म्हणायचा, "ही भिंत पाणी धरून ठेवते." तटबंदीच्या गोष्टीत या पाण्याचा उल्लेखही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हिडिओ पसरल्यावर लोक गाड्या घेऊन यायला लागले. खांबांचे तुकडे पहारीने काढून नेले जात आहेत, कुणी देव्हाऱ्यात ठेवायला, कुणी शोकेसमध्ये. मी गावात जाऊन चार लोकांना समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर बारावीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे काका, आपल्या गावाला काहीच इतिहास नाही का?"

त्याला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. तुम्ही अशा जागा पाहिल्या असतील, महाराष्ट्रातल्या किंवा बाहेरच्या, तर लिहा. माहितीही हवी आहे आणि त्या मुलासाठी उत्तरही.

बोरीचं_झाड
लेख आवडला, पण पूर्ण पटला नाही. तुम्ही शिकलेले आहात म्हणून तुमचं मानायचं, तर व्हिडिओवालाही काहीतरी वाचूनच बोलत असेल. माझा साधा प्रश्न आहे. निसर्गात सरळ रेषा नसते असं आपण लहानपणापासून ऐकतो. नदी वाकडी, झाड वाकडं, डोंगर ओबडधोबड. मग इतके नेमके कोन, इतक्या सपाट बाजू आपोआप कशा? आणि आपल्या पूर्वजांनी वेरूळचं कैलास एका अखंड डोंगरातून कोरून काढलं. त्यांना एक भिंत जमणार नाही? प्रत्येक गोष्ट निसर्गाच्या नावावर टाकणं ही आपल्या लोकांच्या हुशारीवर अविश्वास दाखवण्याची सवय वाटते. राग मानू नका, मनापासून विचारतोय.

कृष्णामाय
माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली.

निघोजची आठवण झाली. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे. आम्ही शाळेच्या सहलीत गेलो होतो. काळ्या दगडात मोठमोठे रांजण, काही इतके खोल आणि गुळगुळीत की आत डोकावताना भीती वाटते. हल्ली त्यांच्याबद्दलही 'प्राचीन यंत्रांनी पाडलेली भोकं' असं फिरायला लागलं आहे. आमच्या बाईंनी तेव्हा एका खळग्याच्या तळातले वाटोळे गोटे दाखवले होते. पुराचं पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, त्यात हे गोटे अडकतात आणि वर्षानुवर्षं जात्यासारखे फिरून तळ खरवडत राहतात. अवजार तिथेच पडलेलं होतं! ते गोटे बघितले आणि मला दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

तापीकाठ
@कृष्णामाय, तुमच्या बाईंना नमस्कार. असं शिकवणारे लाभणं हे भाग्य.

@बोरीचं_झाड, राग कशाला? प्रश्न अगदी योग्य आहे. सरळ रेषा निसर्गात भरपूर असतात, आपलं लक्ष जात नाही. खडीसाखरेचा खडा हातात घ्या. मिठाचा कण भिंगाखाली बघा, चौकोनी ठोकळा दिसेल. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात चिखलाला पडलेल्या भेगा बघा, त्यांचे पाच-सहा कोनी तुकडे होतात. एकसारखा पदार्थ सगळीकडून सारखा आकसला की कमीत कमी तड्यांमध्ये ताण मोकळा करण्याचा तोच मार्ग असतो. लाव्ह्यात हेच होतं, फक्त भेग एकेक टप्पा पुढे सरकत खोलवर जाते म्हणून तुकड्याचा खांब होतो.

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे नावाची जागा आहे, तिथे असे सुमारे ४०,००० खांब आहेत. तिथले लोक सांगायचे की फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जायला रस्ता बांधला. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, तसंच. या लोककथांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्या दगडाशी माणसाचं नातं जोडतात आणि कुणाला फसवत नाहीत. तक्रार आहे ती कार्बन डेटिंग, टन, अंश असे शब्द पेरून विज्ञान म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल.

कैलासाचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. वेरूळला छिन्नीच्या खुणा दिसतात, अर्धवट सोडलेलं काम दिसतं, शिलालेख आहेत, मूर्ती आहेत. माणूस काम करतो तिथे पसारा मागे सोडतो. खापऱ्या, राख, हाडं, दगडाच्या कपच्या, मोडलेली हत्यारं. मोठ्या तटबंदीला शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबली असतील, ती जेवली कुठे? त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी मी अनेकदा पायी गेलो आहे. एक खापर मिळालं नाही. आणि भिंत जमिनीच्या वर जेवढी आहे त्याहून कितीतरी खाली गेलेली आहे. विहीर खणताना ती लागते. पाया नाही, शेवट नाही.

ओहोटी
मी बारा वर्षं जपानमध्ये आहे, डायव्हिंगचा छंद आहे. योनागुनीबद्दल लिहितो, कारण या प्रकारातली ही जगातली सगळ्यांत गाजलेली जागा असावी, आणि तिथे मी दोनदा पाण्याखाली गेलो आहे.

योनागुनी हे जपानचं अगदी पश्चिमेकडचं बेट, तैवानच्या जवळ. हिवाळ्यात तिथे हातोडी डोक्याचे शार्क मासे येतात. ते बघायला चांगली जागा शोधताना १९८६ च्या सुमारास किहाचिरो आराताके नावाच्या स्थानिक डायव्हरला पाण्याखाली एक अवाढव्य पायऱ्यापायऱ्यांची रचना दिसली. उंची सुमारे २५ मीटर, आणि तिचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम ५ मीटर खाली. पुढे र्युक्यू विद्यापीठाचे सागरी भूशास्त्रज्ञ मासाआकी किमुरा यांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि ती मानवनिर्मित आहे, तिथे रस्ते आहेत, किल्ला आहे, असं मांडलं. सुरुवातीला त्यांनी वय दहा हजार वर्षं सांगितलं होतं, नंतर ते दोन-तीन हजारांवर आणलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा मी पूर्ण भारावलो होतो. निळ्या अंधुक उजेडात समोर एकदम सपाट गच्ची, तिच्या कडेला काटकोनात उतरणाऱ्या पायऱ्या. अंगावर काटा आला. कोणी सांगितलं असतं की हे देऊळ आहे तर मी हात जोडले असते.

दुसऱ्या वेळी डोकं शांत ठेवून बघितलं. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. एक वीतभर, तिच्या शेजारी छातीएवढी, मग नुसताच एक खाचा. अशा पायऱ्या कुठला माणूस चढेल? आणि सगळं एकाच खडकाचं आहे. ठोकळा ठोकळ्यावर ठेवलेला नाही, खालच्या कातळापासून काही सुटं नाही. तो दगड वालुकाश्म आणि पंकाश्माचा (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचा) आहे, साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीचा, पातळ सपाट थरांनी बनलेला. त्याला उभ्या सांध्यांचे, म्हणजे खडकातल्या सरळ भेगांचे, दोन संच आहेत, एकमेकांना जवळजवळ काटकोनात. थर आडवे, सांधे उभे, म्हणजे दगड निसर्गानेच चौकोनी आखून ठेवलेला. तिथे प्रवाह इतका जोरदार असतो की आम्हाला दगड धरून थांबावं लागलं. तो प्रवाह आणि वादळी लाटा सैल ठोकळे ओढून काढतात आणि मागे पायरी राहते.

माझा संशय फिटला तो मात्र पाण्याबाहेर. त्याच बेटाच्या किनाऱ्यावर सान्निनुदाई नावाची जागा आहे. तिथे उघड्या आकाशाखाली अगदी तशाच पायऱ्या, तशाच गच्च्या आहेत. समुद्र त्या आजही कापतो आहे. तिथे पर्यटक सहज चालत जातात, पण 'प्राचीन शहर' म्हणून त्या पायऱ्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही. बोस्टन विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ रॉबर्ट शॉक हे स्वतः इजिप्तच्या स्फिंक्सचं वय रूढ समजुतीपेक्षा बरंच जास्त असल्याचं मानणारे, म्हणजे अशा कल्पनांना अनुकूल माणूस. त्यांनीही खाली जाऊन बघितलं आणि हे मुळात नैसर्गिकच आहे असं सांगितलं. जपान सरकारच्या सांस्कृतिक विभागानेही त्याला वारसा म्हणून नोंदवलेलं नाही.

याहून मला आवडलेलं उदाहरण ग्रीसच्या झाकिन्थोस बेटाचं. २०१३ साली तिथे उथळ पाण्यात पोहणाऱ्यांना खांबांचे गोल पाये आणि फरसबंदी दिसली. बुडालेलं ग्रीक शहर म्हणून बातमी झाली. पुरातत्त्ववाले गेले, तर एक नाणं नाही, एक भांडं नाही. मग ते दगड तपासले. २०१६ साली निष्कर्ष आला की समुद्रतळातून मिथेन वायू झिरपत होता, तो खाऊन जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गाळात खनिजं साचली आणि वायूच्या वाटेभोवती कड्यांसारखे दगड घडले. लाखो वर्षांपूर्वी. सूक्ष्मजीवांनी घडवलेले खांब! हे मला बुडालेल्या शहरापेक्षा जास्त अद्भुत वाटतं.

बोरीचं_झाड
@ओहोटी, सान्निनुदाईचं माहीत नव्हतं. व्हिडिओंमध्ये ते कधीच दाखवत नाहीत, हे मान्य.

तरी माझा एक मुद्दा राहतोच. तज्ज्ञ चुकतात. कोकणातली कातळशिल्पं बघा. कितीतरी वर्षं तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही आणि आता जगभरातून लोक येतात. उद्या तुमच्या भिंतीचंही तसंच झालं तर?

माहेर_राजापूर
कातळशिल्पांचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, अशी कोरलेली चित्रं आहेत. आजोबा गुरं घेऊन जायचे तेव्हा 'पांडवांनी काढलेली' म्हणून दाखवायचे. बायका त्यांना वळसा घालून जायच्या, त्यावर पाय द्यायचा नाही म्हणून.

बोरीचं_झाड दादा, दुर्लक्ष झालं हे तुमचं अगदी बरोबर आहे. पण ती चित्रं मान्य कशी झाली तेही बघा. स्थानिक अभ्यासकांनी गवत वाळल्यावर भर उन्हात सडेच्या सडे पायी तुडवले. गुराख्यांना विचारलं. प्रत्येक रेषा झाडून, मोजून, कागदावर उतरवली. जांभा हा मुळातच खळग्याखळग्यांचा दगड. पावसाने त्यात नाना आकार पडतात, त्यातले काही माणसासारखे, जनावरासारखे दिसतातही. म्हणून नैसर्गिक खळगा कुठला आणि खोदलेली रेघ कुठली, हे ओळखणं हेच तिथलं खरं काम होतं. खोदलेली रेघ खळग्यांची पर्वा न करता, त्यांना छेदून, एकसारख्या खोलीने पुढे जाते आणि शेवटी तिचा हत्ती होतो. कशेळीला असा अवाढव्य हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरले आहेत. अशी चित्रं एका नव्हे, अनेक गावांत, त्याच धाटणीची सापडली. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात फणसईमळ. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

म्हणजे पुरावा असला की मान्यता मिळते, उशिरा का होईना. ती मिळवायला कोणाला 'आमच्यापासून लपवलं' असं ओरडावं लागलं नाही.

माझ्या मनातली खंत वेगळी आहे. आमच्याकडे सड्यावर चिरेखाणी आहेत, रस्ते होतात, घरं होतात. एक चित्र पूर्ण घासून गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ज्या दगडावर माणसाचा हात खरंच फिरला तो आपण वाचवत नाही आणि ज्यावर फिरला नाही त्याच्यापुढे गर्दी करतो. हे लिहिताना हात थरथरतो आहे माझा.

@तापीकाठ काका, त्या मुलाला म्हणावं, भिंतीपासून दूर, जुन्या पाणवठ्याच्या, ओढ्याच्या काठाने चालत जा. नांगरट झाल्यावर, पहिल्या पावसानंतर. गावाचा इतिहास तिथे वर येतो.

विंध्यवासी
परदेशातल्या गोष्टींवर सगळेच बोलतात. रामसेतूबद्दल काय म्हणणं आहे?

तापीकाठ
@विंध्यवासी, टाळत नाही, सांगतो. भारताचं पांबन आणि श्रीलंकेचं मन्नार यांच्या मध्ये चुनखडी आणि वाळूच्या उथळ पट्ट्यांची रांग आहे. २००२ साली उपग्रहाचा फोटो आला आणि 'नासाने सिद्ध केलं' म्हणून पसरला. अवकाशातून काढलेल्या फोटोवरून ती रांग कोणी केली हे ठरत नाही, या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही. माझी आजी रामायण म्हणायची, तिच्या श्रद्धेला उपग्रहाची साक्ष कधी लागली नाही. या विषयावर इथेच दोन जुने धागे आहेत, तिथे बोलू. हा धागा दगड वाचण्याबद्दल राहू दे.

ओहोटी
समुद्राखालच्या बाबतीत आपल्याकडचं एक उदाहरण महत्त्वाचं आहे. २००१ साली खंभातच्या आखातात चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला सर्वेक्षणात सोनार यंत्राने (ध्वनिलहरींनी समुद्रतळ टिपणाऱ्या) काढलेल्या चित्रांवर चौकोनी आकार दिसले, आणि केंद्रीय मंत्र्यांनी बुडालेल्या नगरीची घोषणा केली. तळातून ओढून काढलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं निघालं. पण लाकूड जुनं निघालं म्हणून नगर जुनं ठरत नाही. त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, नद्या गाळ आणि ओंडके आणून टाकतात, आणि वस्तू जिथल्या तिथे खणून काढलेल्या नव्हत्या, तळ खरवडून वर आणल्या होत्या. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे एकदा हरवलं की तिचं बोलणं बंद होतं.

डॅन्यूबकाठ
व्हिएन्नाहून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी आम्ही बोस्नियाला गेलो होतो, तेव्हा विसोको गावचे 'पिरॅमिड' बघितले. सारायेवोपासून साधारण ३० किलोमीटरवर.

२००५ साली सेमिर ओस्मानागिच नावाच्या बोस्नियन-अमेरिकन उद्योजकाने जाहीर केलं की विसोकोवरची विसोचित्सा टेकडी म्हणजे इजिप्तपेक्षा मोठा, हजारो वर्षं जुना पिरॅमिड आहे. टेकडी खरोखर देखणी आहे. गावातून बघितली तर एक बाजू नेमकी त्रिकोणी दिसते. आम्ही गेलो तेव्हा दुकानांत पिरॅमिडच्या आकाराची किचेन, दिवे, साबण. भुयारांत जायचं तिकीट होतं. रांगेत आजारी माणसं होती. 'ऊर्जा' मिळेल म्हणून लांबून आलेली. एक मध्यमवयीन बाई आपल्या आईला हाताला धरून आत नेत होती, ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

भूशास्त्र साधं आहे. पूर्वी तिथे सरोवर होतं. त्याच्या तळाशी चिकणमाती, वाळू, गोटे यांचे थर साचून दगड झाले, जमीन उचलली गेली तेव्हा ते तिरके झाले, आणि पाण्याने कडा कापल्या. तिरका कठीण थर असा कापला गेला की उभ्या ठेवलेल्या इस्त्रीसारखा त्रिकोणी उतार तयार होतो. जगात अशा टेकड्या ठिकठिकाणी आहेत. ज्याला ते 'प्राचीन काँक्रीट' म्हणून दाखवतात तो गोटे आणि वाळू नैसर्गिकरीत्या चिकटून झालेला दगड आहे. तुझला विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी २००६ मध्येच हे सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपातल्या आघाडीच्या पुरातत्त्वज्ञांनी एकत्र निवेदन काढून याला भोळ्या लोकांची क्रूर फसवणूक म्हटलं. काम थांबलं नाही.

मला जे जिव्हारी लागलं ते पुढचं. त्या टेकडीच्या माथ्यावर विसोकीचा खराखुरा मध्ययुगीन किल्ला आहे. जवळच मिली इथे बोस्नियाच्या राजांचा राज्याभिषेक व्हायचा, पहिला राजा त्व्रत्को तिथेच पुरलेला आहे. आणि विसोकोच्या हद्दीतच ओकोलिश्ते इथे इसवी सनापूर्वी ५००० च्या आसपासची नवाश्मयुगीन मोठी वसाहत उत्खननात मिळाली आहे. घरं, भांडी, सगळं. आम्ही मिलीला गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघं आणि एक कुत्रा. त्याच देशातलं राष्ट्रीय संग्रहालय २०१२ मध्ये पैशाअभावी बंद पडलं, थेट २०१५ मध्ये उघडलं.

तिथल्या लोकांना मी दोष देत नाही. १९९२ ते १९९५ च्या युद्धात ज्यांचं सगळं गेलं, त्यांना कोणी येऊन सांगितलं की तुमच्या अंगणात जगातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, तर ते का नाही विश्वास ठेवणार? आमच्या खानावळीचे मालक म्हणाले, पिरॅमिडमुळे माझ्या मुलाला परदेशी जावं लागलं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तुमच्या गावातल्या मुलाचा प्रश्न वाचून तेच काका आठवले.

मृद्‌गंध
सगळ्यांचे प्रतिसाद सुंदर. एक भर घालते, कारण निसर्ग की माणूस अशी सरळ फाळणी दर वेळी होत नाही.

इंडोनेशियात पश्चिम जावावर गुनुंग पादांग आहे. टेकडी ज्वालामुखीची, अँडेसाइट दगडाचे खांब तिच्यात निसर्गतःच होते. माणसांनी ते उचलून वर गच्च्या रचल्या, ही खरीखुरी जुनी पूजनीय जागा आहे. पण २०२३ मध्ये एका शोधनिबंधात दावा झाला की आतली अख्खी टेकडीच पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी बांधायला घेतली. मार्च २०२४ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. तपासलेली माती जुनी होती, पण त्या मातीत माणसाची एकही वस्तू नव्हती. माती तर सगळीकडेच जुनी असते.

याउलट पॅसिफिकमधल्या पोह्नपेई बेटावर नान माडोल बघा. बेसॉल्टचे तसेच नैसर्गिक खांब माणसांनी वाहून आणले आणि एक थर भिंतीच्या लांबीच्या दिशेने, त्यावरचा थर त्याला काटकोनात असे रचून उथळ समुद्रात नव्वदहून अधिक कृत्रिम बेटं उभारली. दगड घडवला निसर्गाने, रचला माणसाने. तिथे थराथराला खांबांची दिशा आळीपाळीने बदलते. थंड होणारा लाव्हा असं कधीच करत नाही.

बोरीचं_झाड
तीन आठवड्यांनी लिहितोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

मी अंधेरीत राहतो. पंचवीस वर्षं रोज रेल्वेला धावलो, पण गिल्बर्ट हिल जवळून कधी बघितली नव्हती. हा धागा वाचल्यावर मागच्या रविवारी गेलो. चारी बाजूंनी इमारती आणि झोपड्या, आणि मध्येच सुमारे २०० फूट उंच काळा कातळ, सगळा उभ्या खांबांचा. खाली उभं राहून वर बघितलं तर मान दुखली. वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ आहे, तिथे जायला कातळातच पायऱ्या कोरल्या आहेत.

तिथे मला तुमचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. पायऱ्यांच्या बाजूला दगड ठोकल्याच्या खुणा आहेत, मधोमध पायरी झिजलेली, कडेला शेंदराचे ठिपके, मेणबत्तीची काजळी. आणि शेजारच्या खांबांवर यातलं काहीच नाही. बाजू सपाट, पण हत्याराचा एक ओरखडा नाही. एकाच दगडावर दोन्ही, हातभर अंतरावर. अर्धा तास तिथेच बसलो होतो.

वरच्या काकांनी सांगितलं, पूर्वी हा डोंगर खूप मोठा होता, खडीसाठी फोडून फोडून एवढाच उरला. सहा कोटी वर्षं टिकलेली वस्तू आपण काही दशकांत संपवत आणली.

आता एक विनंती. माझं मूळ गाव भूम तालुक्यातलं. आमच्या शिवारात टेकाडावर दगडांचं एक वर्तुळ आहे, मोठमोठे धोंडे. मोबाइलमधला जुना फोटो खाली टाकतो. माणसाचं आहे की आपोआप? यावेळी मी आधीच काही ठरवलेलं नाही.

तापीकाठ
@बोरीचं_झाड, खूप आनंद झाला वाचून. गिल्बर्ट हिलवरचं तुमचं निरीक्षण मी त्या बारावीच्या मुलाला वाचून दाखवलं. तो आणि त्याचा मित्र आता दर महिन्याला भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पाणीपातळी मोजून वहीत लिहितात. मामाच्या विहिरीपासून सुरुवात केली.

तुमच्या फोटोबद्दल: या एका फोटोवरून मी काहीही सांगणार नाही. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल धोंडे उरतात, ते कधी कधी गोलाकार पडल्यासारखे दिसतात. पण दगडांची वर्तुळं आपल्या राज्यात खरीही आहेत. विदर्भात लोहयुगातली शेकडो सापडली आहेत, दफनाच्या जागा म्हणून. तेव्हा दोन्ही शक्यता उघड्या ठेवू.

पुढच्या वेळी गावी गेलात की सकाळी लवकर जा, तिरकं ऊन असताना. प्रत्येक धोंड्याशेजारी पट्टी किंवा काठी ठेवून फोटो घ्या. धोंडे खालच्या कातळाला चिकटलेले आहेत की सुटे, ते बघा. वर्तुळाच्या आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा उंच आहे का, मध्ये छोट्या दगडगोट्यांचा भराव आहे का, तेही बघा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या जागेचं नाव विचारा, शेताला काय म्हणतात ते सुद्धा. खणू नका, एक दगडही हलवू नका. आणि खापर दिसलं तर उचलू नका, जिथे आहे तिथेच फोटो काढा आणि मला लगेच कळवा. मी गाडी काढून येतो.